पितळेची सवय

सर्कशीच्या बँडमध्ये मास्तरांनी उभी हयात ट्रम्पेट वाजवला. हत्ती आत आला की पहिला सूर त्यांचा, झुल्यावरची पोरगी सुखरूप जाळीत उतरली की शेवटचाही त्यांचाच. पुढे तंबू गेला, हत्ती गेले, मास्तरांचे समोरचे दात गेले आणि दातांबरोबर फुंकरही गेली. उरलं काय, तर जिन्याखालची मोटरसायकल आणि खिडकीशी बसलेली बायको.

बायको त्यांना ओळखेनाशी झाली होती. सकाळी ते चहा घेऊन गेले की ती सावरून बसे आणि विचारी, आपण कोण. मास्तर नाव सांगत. ती म्हणे, भेटून बरं वाटलं. मग खिडकीबाहेर बघत एक गोष्ट मात्र रोज सांगे.

"तो यायचाय. गाडीच्या दिव्याची कडी चमकली की समजायचं, आला."

मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला तो तिथे. तिला गाडी आठवते, माणूस आठवत नाही. मग गाडीसकट समोर उभं राहिलं तर? लेकीने समजावलं, की बाबा, आईचा आजार म्हणजे काही गंज नाही, पुसला आणि गेला. पण ऐकतील ते मास्तर कसले.

ताडपत्री काढली तर हेडलाइटच्या कडीवर देवीचे वण उठावेत तसा गंज. मडगार्ड तांबडं, हँडल खरबरीत. मास्तरांनी अर्धं लिंबू घेतलं, राखेत बुडवलं आणि बाह्या सरसावून घासायला बसले. समोरचा गॅरेजवाला ते बघून रस्ता ओलांडून धावत आला आणि त्याने त्यांचा हातच धरला.

"मास्तर, आजवर यानेच घासत होता?"

"दर रविवारी," मास्तर ऐटीत म्हणाले. "आधी गाडी, मग ट्रम्पेट."

गॅरेजवाला मटकन पायरीवर बसला. "अहो, तुमचा ट्रम्पेट आरपार पितळ. घासाल तेवढा उजळेल. गाडीवर हा नुसता मुलामा, आत लोखंड. नाटकातला राजा आहे हा. अंगरखा झिजवलात, आता आतला फाटका बनियन दिसतोय. पावसाला बोल लावू नका, मास्तर. हे तुमच्या हाताने झालंय."

मास्तरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि लिंबू खाली ठेवलं.

गॅरेजवाल्याने पोळ्या गुंडाळायच्या चांदीसारख्या चकचकीत कागदाचा बोळा केला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने कसं चोळायचं ते दाखवलं. गंज निघेल, म्हणाला, पण गेलेला मुलामा परत यायचा नाही. मास्तर बसले. तपकिरी चिखल निघू लागला. खालून कुठे चमक आली, कुठे काळे खड्डे, कुठे मुलाम्याचा पापुद्राच कागदाला चिकटून आला. हात सवयीने जोर करी. मास्तर डाव्या हाताने उजवा आवरत. संध्याकाळपर्यंत कडीचा खालचा तुकडा तेवढा लखलखीत झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्कशीचा लाल कोट चढवला. आता तो खांद्यांवरून ओघळत होता. गाडी ढकलत दारासमोर आणली, चांगला तुकडा उन्हाकडे वळवला आणि हातातल्या बोळ्याने शेवटचा हात फिरवला. कवडसा खिडकीतून आत गेला.

ती उठली. कित्येक महिन्यांत कुणी न धरता उठली नव्हती. दाराशी आली, कडीवरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मास्तर एक पाऊल पुढे सरकले.

"छान पुसता हो तुम्ही," ती म्हणाली. "पण आता जरा बाजूला व्हा. तो येईल एवढ्यात. त्याच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही."

मास्तर बाजूला झाले. बोळा पाठीमागे लपवून भिंतीशी उभे राहिले. ती रस्त्याकडे बघत होती. ऊन कडीवरून सरकलं, मडगार्डवरून उतरलं, फरशीवर गेलं.

"आज उशीर झालेला दिसतो त्यांना," शेवटी मास्तर म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. "मला सवय आहे."