बल्ब लागायला नको होता

बल्ब लागला. लागायला नको होता.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दोन तास उरले होते. समोर नववीतली सपना राठोड उभी होती. तिने घरून बाटली भरून आणलेलं शुद्ध पाणी टेबलावरच्या ग्लासात होतं आणि त्या पाण्यावर बल्ब छान उजेड देत होता.

मी महागाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणजे ऑनलाइन माहिती भरून वेळ उरला तर शिकवतो. सपनाचा प्रयोग साधा होता. एक बॅटरी, एक एलईडी बल्ब आणि पेन्सिलीची दोन शिसं. शिसं पाण्यात बुडवायची. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते आणि बल्ब लागतो. सपनाच्या तांड्यावरच्या हापशीच्या पाण्यात तो झगझगीत लागायचा. पण तुलनेला क्षार नसलेलं पाणी हवं, नाहीतर उजेड ताडून पाहायचा कशाशी? प्रदर्शनातले पहिले दोन यवतमाळला जिल्ह्याला जाणार होते. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. सपनाने तिथे घालायचा ड्रेससुद्धा ठरवून ठेवला होता.

शाळेचं ऊर्ध्वपातन यंत्र, म्हणजे पाण्याची वाफ करून तिचं परत पाणी करणारं यंत्र, केव्हाच बंद पडलंय. अर्ज देऊन देऊन मी थकलो. हेडमास्तर म्हणाले, थंड पाण्याचा जार मागवा, ते शुद्धच असतं. मागवला. बल्ब मंद, पण लागला. जारवाल्याचा फिल्टर बरेचसे क्षार काढतो, सगळे नाही.

मग बॅटरीच्या दुकानात गेलो. इन्व्हर्टरमध्ये टाकायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं आणि सीलबंद असेल तर प्रयोगाला उत्तम. मला मिळाली ती बाटली सील फुटलेली. तिच्यातही बल्ब लागला. परत जाऊन विचारलं तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "जारातूनच भरली होती जी. इन्व्हर्टर काई तक्रार करत नाई."

बँकेच्या एसीच्या नळीखाली बादली लावली. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हते, पण धूळ होती आणि दोन मुंग्या होत्या. परीक्षकांपुढे ते कसं ठेवणार?

शेवटी घरगुती उपाय काढला. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, थोडं पाणी, मधे उंच बैठकीवर स्टीलची वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. पाणी मंद उकळलं की वाफ झाकणाला लागून गार होते आणि तिचं पाणी थेंब थेंब वाटीत पडतं. दोन तासांत जेमतेम ग्लासभर. पण त्या पाण्यात बल्ब अजिबात लागला नाही. सपनाने आनंदाने जागेवरच उडी मारली. त्यातलं उरलेलं पाणी मी झाकून ठेवलं आणि तिला घरून बाटलीभर करून आणायला सांगितलं. अख्खा रविवार मायलेकी चुलीपुढे बसल्या होत्या.

आणि आता ह्या बाटलीतल्या पाण्यात बल्ब लागत होता. ग्लास बदलला, शिसं पुसली, तरी तेच. मी वैतागलो होतो. "हापशीचं भरून आणलं का?" असं तिला सगळ्यांसमोर बोललो. तिचे डोळे भरले. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

आमच्यासोबत प्रदर्शनाला यायला तिची आई शाळेत आली होती. दारातूनच म्हणाली, "सर, तिले नका बोलू. पाणी पोरीनंच बनवलं. पण मोठे लोक पायतीन म्हणून म्या सकाळी तुरटी फिरवली त्यात. बिना तुरटीचं पाणी पाव्हण्याइले कसं द्याचं?"

मी खुर्चीत बसलो. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. पण तुरटी स्वतःच एक क्षार. माउलीने शुद्ध पाणी मायेने आणखी शुद्ध केलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, बाटली ओतून टाका, झाकून ठेवलेलं तेवढं न्या. सपनाने डोळे पुसले. "नाई सर, दोन्ही नेतो."

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमका तुरटीचाच ग्लास उचलला आणि विचारलं, हे इतकं नितळ आहे, मग बल्ब का लागतो? सपनाने मागे उभ्या आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माझ्या आईनं पाव्हण्यांसाठी केलं हाये. पियाले ते चांगलं, प्रयोगाले हे दुसरं." मग तिने दुसऱ्या ग्लासात शिसं बुडवली. बल्ब लागला नाही.

पहिला नंबर थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळाला. दुसरा सपनाला. ठरवलेला ड्रेस घालून ती यवतमाळला जाऊन आली.

आता आमच्या लॅबमध्ये घरी केलेल्या पाण्याची एक बाटली कायम भरलेली असते. तिच्यावर सपनाच्या अक्षरात चिठ्ठी आहे: हे पाणी आधीच शुद्ध आहे. कृपया आणखी शुद्ध करू नये.