चोवीस देणारी गाडी

तलावाच्या पाळीवर गाडी बंद पडली तेव्हा माझा पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. सकाळी बैलासाठी तणस ओढताना ढिगातून घोणस चावली होती. मी मागच्या सीटवर आडवी होते. पुढे धाकटी जाऊ बसली होती आणि तिची सून गाडी चालवत होती. लाखांदूरचा दवाखाना अजून दूर होता.

"काहून थांबवली?" मी विचारलं.

"थांबवली नाही, मोठ्याई. पेट्रोल संपलं," म्हणून सून रडायला लागली. "परवाच तर तीन लिटर टाकलं होतं!"

"संपते कसं?" जाऊ म्हणाली. "चोवीस देते गाडी."

हे चोवीस मी वर्षभर ऐकत होते. जावेच्या मुलाने ही छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा विकणाऱ्याने लिटरला चोवीस किलोमीटर सांगितलं होतं. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, म्हणून सून लवकर शिकली. ती सासूला पवनीच्या बाजाराला पुढच्या सीटवर बसवून न्यायची आणि मी एसटीची वाट पाहत फाट्यावर उभी. माझा मुलगा चिखल्याच्या खाणीत कामाला, त्याची मोटारसायकल त्याच्याजवळ. ती पन्नास देते, असं मी एकदा जावेला ऐकवलं.

"तिच्यात एसी आहे का वो, बाई?" ती म्हणाली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे पुतण्याने स्वतः मोजलं. टाकी गच्च भरली, चालवली, परत गच्च भरली. चौदा निघाले. त्याने चाकांत हवा भरली, गॅरेजवाल्याकडून फिल्टर बदलून घेतला. तरी चौदाच. जाऊ रस्त्याला दोष द्यायची, पंपाला द्यायची.

मला कारण माहीत होतं, कारण आमची अंगणं समोरासमोर आहेत. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की सून आतल्या खोलीत लेकराला घेऊन पडायची आणि जाऊ चावी घेऊन गाडीत बसायची. इंजिन सुरू, एसी सुरू, काचा वर. तासभर झोपायची. गाडी जागची हलायची नाही आणि पेट्रोल जळत राहायचं. मी ओसरीवर विंजणा हलवत तिच्याकडे पाहत बसायचे. ये म्हणून तिने मला एकदाही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी गेले असते आणि तोंड बंद ठेवलं असतं.

मी पुतण्याला तोंडावर सांगितलं, "गाडी चौदा देत नाही, तुझी माय झोपते तिच्यात."

तो हसला. जाऊ म्हणाली, "बाईले माझं पाहवत नाही."

पाहवत नव्हतंच. सारं गाव हे जाणत होतं, म्हणून माझं कोणी खरं मानलं नाही.

पाळीवर सून फोन लावत होती, पण तिथे फोन लागत नाही. तलावात जाळी टाकणारे चौघे ओरडा ऐकून वर आले. जाऊ मोठ्याने रडत होती, म्हणून त्यांनी पाणी आधी तिला दिलं. साप मला चावला होता.

"पंप पाळीच्या खाली आहे, ढकलत नेऊ," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. चौघांनी जोर लावला. गाडी हलेना.

"गिअर काढ ना वो, बाई!"

"हिले गिअर नाही टाकावं लागत, भाऊ," सून म्हणाली.

"मंग अडकली कायले? म्हशीवानी बसली!"

सून घाबरून नुसती स्टेअरिंग धरून बसली होती. तेव्हा रडता रडता जाऊच म्हणाली, "चावी फिरव. ब्रेक दाबून ठेव अन् तो दांडा मागं घे, मधातल्या खुणेवर. मंग ब्रेक सोड, हलते."

गाडी हलली. सुनेने मान वळवली.

"आई, तुमाले कसं माहीत?"

जाऊने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "दुपारी बसतो मी गाडीत. कालही बसली होती. लय येळ."

जीभ जड झाली होती, तरी मला बरं वाटलं. मी म्हटलं, "परत सांग. मोठ्यानं सांग."

"मरून राहिली अन् बोलते पाहा!" जाऊ ओरडली आणि मागे हात घालून माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

उतारावरून ती चार माणसं गाडी पंपापर्यंत घेऊन गेली. पेट्रोल भरलं. सूनबाईने मग कुठे थांबवली नाही. दवाखान्यात एकामागून एक बाटल्या चढवल्या, पुढे भंडाऱ्याला पाठवलं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

मी वाचले.