निपाणीत दाखवलेला आफ्रिकेचा सिनेमा

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या बेळगावच्या अनगोळात कुणालाही विचारा. शाळेत खडू फेकून मारणारी बाई म्हणून माझी ख्याती होती, आणि निवृत्त होऊनही तिला फारसा धक्का लागलेला नाही. त्या दिवशी जे झालं ते माझ्या तापटपणामुळं झालं, असं मी स्वतःला सांगते. पण ते अर्धंच खरं. आम्ही सगळेच त्यात होतो.

आमच्या वरच्या खोलीत टांझानियाचा एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा, फार्मसी शिकायला आलेला. मला आक्का म्हणायचा. आमचं बोलणं इंग्रजीत, मधून तोडकीमोडकी हिंदी. वाचायला त्याला इंग्रजीच यायचं. गेल्या वर्षी तिकडं त्याची आई वारली. इथं परीक्षा तोंडावर, आणि विमानानं पोचेस्तोवर माती झालेली असती, म्हणून तो गेलाच नाही. चार दिवस खोलीचं दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी मी भाकरी-आमटी घेऊन वर गेले, तेव्हा त्यानं मला मोबाईलवर एक सिनेमा दाखवला.

त्याच्या मावसबहिणीनं तो काढलेला. ना कंपनी, ना नट-नट्या. उसना कॅमेरा आणि गावची माणसं. तंबाखूच्या कामातल्या बायकांचा सिनेमा होता, आणि त्यात त्याची आई होती, पानं निवडत बसलेली. मी हादरलेच. माझी आई निपाणीच्या वखारीत अशीच बसायची, नाकातोंडाला पदर बांधून. तोच खोकला, तीच करपलेली बोटं. मी त्याच्यासमोर रडले आणि मग तोच माझी समजूत घालायला लागला.

त्याची इच्छा एकच होती. आई एकदा मोठ्या पडद्यावर दिसावी, भरलेल्या हॉलात, आणि आपण त्या माणसांत बसून तिला बघावं. मातीला जाता आलं नव्हतं, त्याची ही भरपाई होती. तो तसं म्हणाला नाही, पण मी काय दूधखुळी नव्हते.

मीच म्हटलं, एक सिनेमा कशाला, महोत्सवच करू. आफ्रिकेतल्या अशाच स्वतंत्र सिनेमांचा. त्यानं मित्रांकडून आणखी तीन मिळवले. इथल्याच शहापुरातले एक वकील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते तयार झाले. माझ्याबरोबर नोकरी केलेले कन्नडचे एक सर तयार झाले. शहापुरात हॉल ठरला. रोज संध्याकाळी तो आणि मी जिन्यात बसून त्याच्या आईची वाक्यं लावायचो. तो इंग्रजीत सांगायचा, मी निपाणीच्या बोलीत उतरवायची, कारण सिनेमा चालू असताना मी ती माईकवर वाचणार होते. त्यात ती एका ठिकाणी म्हणते, ‘माजा थोरला लई लांब शिकाय गेलाय. आला म्हंजी बघंल माजा खोकला.’ हे तो मला परत परत म्हणायला लावायचा. अर्थ ठाऊक होता, पण त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं असायचं.

आणि मग बेळगावात व्हायचं तेच झालं. महोत्सवाच्या पाटीवर वर मराठी की वर कन्नड? आप्पा म्हणाले, मराठी. सर म्हणाले, कर्नाटकात वर कन्नडच, नियम बघा. मग शेजारी शेजारी लिहायचं ठरलं, तर डावीकडं कोण? अक्षरं फूटपट्टीनं मोजली, देवाशप्पथ. नाकापेक्षा मोती जड. ह्यातलं काही बाहेर गेलं, हॉलवाल्याला दोन्हीकडून फोन आले आणि त्यानं हात जोडले, तुमचा कार्यक्रम दुसरीकडं करा म्हणाला.

मी संतापले आणि निपाणी गाठली. आमच्या विहारामागचं समाजमंदिर एका शब्दावर मिळालं. दिवस तोच, वेळ तीच, दुपारी चारची, फक्त जागा बदलली. नवीन जाहिरात करायची होती. आप्पांनी फोनवर विचारलं, पहिल्या जाहिरातीत खाली इंग्रजी होतं, ते ठेवायचं का? ठेवलं तर दोन्ही भाषांची अक्षरं बारीक होतात आणि भांडण परत उकरलं जातंय. मी म्हटलं, काढून टाका ते इंग्रजी, इथं कुणाला पाहिजे?

जाहिरात ग्रुपवर पडली. मराठी आणि कन्नड, अगदी सारखी, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. चित्र पहिलंच, त्याच्या आईचं. त्यानं खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मला वाटलं, कळलं त्याला. त्याला वाटलं, पाटीचं भांडण एकदाचं मिटलं आणि हॉल शहापुरातलाच.

मी दोन दिवस आधीच निपाणीत मावशीकडं जाऊन राहिलेली. बेळगावची माणसं आप्पा टेम्पोतून आणणार होते. त्यांना वाटलं तो माझ्याबरोबर आहे, मला वाटलं तो त्यांच्याबरोबर येतोय. मला स्टेजवर बोलावू नका, मी मागं बसतो, असं त्यानं आधीच बजावलेलं, म्हणून मी शोधलंही नाही. सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगितले आणि माझाही बंद केला.

समाजमंदिर गच्च भरलं होतं. वखारीत जन्म गेलेल्या बायका, बिड्या वळणाऱ्या बायका, लेकी-सुना. पडद्यावर आई आली आणि बायका आपापसांत बोलायच्या थांबल्या. ती खोकली तेव्हा आमच्यातलीही एक खोकली. मी वाचत होते आणि वाचता वाचता ती माझीच आई झाली होती. थोरल्याचं वाक्य मी म्हटलं, आणि पुढच्या रांगेतून माझ्या मावशीनं मोठ्यानं विचारलं, ‘त्ये पोरगं आलंय का गं हितं?’

‘आलंय की. मागं बसलंय,’ मी माईकवरच म्हणाले.

सगळ्या बायका वळल्या. पडद्याकडं पाठ करून, माना उंचावून, त्या बाईचा लेक बघायला. मागं भिंत होती आणि भिंतीशी चपलांचा ढीग. सिनेमा चालूच होता. माझं पुढचं वाक्य चुकलं.

फोन चालू केला तर त्याचे नऊ मिस्ड कॉल. आप्पांनी कपाळाला हात लावला. मी त्यांच्याच टेम्पोतून परत निघाले.

घरी आले तेव्हा रात्र झाली होती. तो जिन्यात बसला होता, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. पाच मित्रांना घेऊन शहापुरात कुलपासमोर दीड तास उभा होता. मी माफी मागितली. खरं सांगते, उभ्या आयुष्यात मी कुणाची अशी माफी मागितलेली नाही. म्हटलं, परत लावू, बेळगावातच लावू, आज घरी टीव्हीवर तरी लावू.

‘मोबाईलवर मी तिला रोज बघतो आक्का,’ तो म्हणाला. ‘लोक तिला बघताना मला बघायचं होतं.’

मग त्यानं विचारलं, लोक काय म्हणाले. मी लपवलं नाही. मावशीनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, बायका कशा वळल्या, सगळं सांगितलं. त्या सगळ्या तुला बघायला वळल्या होत्या रं, हे मात्र माझ्या तोंडून मराठीतच गेलं. मला परत ते इंग्रजीत सांगावं लागलं.



‘मग त्यांना कोण दिसलं?’ त्यानं विचारलं.

‘कुणीच नाही,’ मी म्हणाले.