गंजाची राखण

आमचा कारखाना होता तिथे आता काचेची ऑफिसं आहेत, आणि त्यांच्या अंगणात पोलादाच्या तीन जाड प्लेटा उभ्या केल्यात. शिल्प म्हणून. नक्षी नाही, आकृती नाही, नुसतं वजन. त्यांच्यावर मुद्दाम गंज चढवलाय. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. उन्हं कलली की त्या तांबूस प्लेटा पाणवठ्यावरच्या गुरांसारख्या शांत वाटतात. करणाऱ्याशी माझं भांडण नाही.

परवा खंडेनवमीला जाधव आणि मी तिथून चाललो होतो. दोघंही इथल्याच प्रेस शॉपमधले. या दिवशी आम्ही मशीन धुऊनपुसून त्यांना हार घालायचो. जाधवांच्या पिशवीत घरच्या पूजेचं सामान होतं. मधल्या प्लेटसमोर ते थांबले, झेंडूचा हार तिच्यावर अडकवला आणि कुंकवाची दोन बोटं ओढली.

सिक्युरिटीवाला धावत आला. "काका, हे मशीन नाही, आर्ट आहे. डाग पडेल."

"लोखंडच आहे ना?" जाधव म्हणाले.

त्याने हार काढून त्यांच्या हातात दिला. मग ओल्या फडक्याने कुंकू टिपलं, अगदी हलक्या हाताने, खालचा गंज निघू नये म्हणून.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. लोखंडाला गंज लागू नये म्हणून याच जागेवर आम्ही जन्मभर तेलाचं फडकं फिरवलं, आणि आम्हाला घरी बसवलं. आता गंज जपायला पगारी माणूस ठेवलाय.