ताईच्या गावातलं हॉटेल

ताई इंग्लंडला गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही भांडुपला टेकडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. वडील जालन्याकडून आलेले, इथल्याच एका कारखान्यात कामाला होते. ताई सरकारी हॉस्पिटलात नर्स झाली आणि काही वर्षांनी, तिकडे नर्स कमी पडतात म्हणून, तिची निवड झाली. बुद्धविहारात तिचा सत्कार केला लोकांनी. आमच्या वस्तीतून विमानात बसलेली ती पहिली बाई. आई विमानतळावर रडली नाही. घरी येऊन तिनं ताईची गादी उन्हात टाकली आणि दिवसभर गादीशेजारी बसून राहिली.

ताई तिथेच रमली. समुद्रकाठचं लहानसं गाव, तिथलं हॉस्पिटल, लग्नही तिथेच झालं. दाजी मूळचे नागपूरचे, पण शिकायला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. त्यांना मूल झालं नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा ताई यायची, तेव्हा माझी मुलगी तिला सोडायची नाही. आत्याचे बूट, आत्याचं घड्याळ, आत्या फोनवर इंग्रजी कसं बोलते, सगळ्याची नक्कल व्हायची. मोठी झाल्यावर तीही नर्स झाली. मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात लागली, लग्न झालं, एक मुलगी झाली. तरी डोक्यातलं इंग्लंड काही गेलं नाही.

मध्यंतरी तिकडे म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला माणसं हवीत म्हणून भरपूर भरती सुरू झाली. काम नर्सचं नव्हतं. वृद्धाश्रमातल्या लोकांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. मुलगी म्हणाली, आधी पाय तर टेकू दे, मग नर्सच्या परीक्षा देईन. बेत असा होता की तिनं जायचं आणि पाठोपाठ जावई आणि नात जातील. नातीचा पासपोर्ट काढला. फोटो काढताना ती हसत सुटायची आणि फोटोवाला म्हणायचा, हसायचं नाही बाळा, सरकारला चालत नाही. माझ्या बायकोनं तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला.

मुलीचा व्हिसा व्हायच्या आत नियम बदलला. आता नव्यानं येणाऱ्या अशा कामगारांना नवरा-मुलं आणता येणार नाहीत. जावयानं जेवता जेवता फोनवर बातमी वाचली आणि फोन माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, असं कसं असेल, वाचण्यात चूक झाली असेल. मी दोनदा वाचलं. मुलीनं लगेच आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "नियम कडक झाले ते बरंच झालं गं. फार माणसं आली. तू ये, पुढचं पुढे बघू."

मुलीनं हो म्हटलं आणि फोन ठेवला. "बरंच झालं" हे माझ्या बायकोच्या मनात बसलं ते कायमचं. ती त्या दिवसापासून मुलीला जाऊ नको म्हणत होती. पण मुलगी गेली. जावई नवी मुंबईतल्या गोदामात कामाला, त्याला सकाळीच निघावं लागायचं, म्हणून नात आमच्याकडे आली. तिला सांगितलं की मम्मी लांबच्या हॉस्पिटलात गेली आहे. मुलीची रात्रपाळी संपली की तिचा फोन यायचा, तेव्हा आमच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ असायची. नात फोन ताटाला टेकवून ठेवायची आणि एकेक घास दाखवून खायची. पलीकडे मुलगी युनिफॉर्ममध्येच बसलेली असायची, बुटांची नाडीसुद्धा सोडलेली नसायची.

ताईचं गाव तिच्यापासून बसनं जवळच. दर रविवारी मुलगी तिच्याकडे जायची. दाजी वारल्यापासून ताई एकटी होती, तिलाही बरं वाटायचं. दोघी भाकऱ्या थापायच्या, ठेचा करायच्या आणि आम्हाला फोटो पाठवायच्या. एका फोटोत ताईनं भाचीच्या केसांना तेल लावलं होतं. बायकोनं तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, चला, माझं काम कोणीतरी करतंय.

मग त्या गावातल्या हॉटेलचं प्रकरण सुरू झालं. समुद्रासमोरचं जुनं हॉटेल होतं, धंदा बसलेला. सरकारनं तिथे आश्रय मागायला आलेली माणसं ठेवली. लहान बोटींतून समुद्र ओलांडून आलेली, युद्धातून पळालेली, काही नुसतीच गरिबीतून. त्यांच्या अर्जांचा निकाल लागेपर्यंत त्यांनी तिथे राहायचं, काम करायचं नाही. गावात त्यावरून दोन तट पडले. मुलगी सांगायची, आत्या हल्ली रविवारभर तेच बोलते. मला खरं वाटेना. मी ताईला फोन केला.

ती म्हणाली, मी परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, रांगेत उभी राहिले, आणि ही माणसं बोटीत बसतात आणि येतात. मी म्हणालो, ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्यानं कुठल्या रांगेत उभं राहायचं गं ताई? ती चिडली. तिथे बसून टीव्ही बघून मला शिकवू नकोस, म्हणाली. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळत नाही, गावातला दवाखाना बंद झाला, बस कमी झाल्या, आणि विचारलं तर सांगतात पैसे नाहीत. यातलं काही खोटं नव्हतं. मी म्हणालो, पण दवाखाना त्या लोकांनी बंद केला का? त्यावर ती म्हणाली, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तेव्हा इकडेही तेच चाललं होतं. सकाळी आम्ही काही निवृत्त माणसं मैदानाला फेऱ्या मारून कट्ट्यावर बसायचो. त्यातले एक गृहस्थ, मुलगा कॅनडात असलेले, रोज घुसखोरांवर बोलायचे. घरकाम करणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या बायका, भंगारवाले, सगळ्यांना उचलून बाहेर टाका. मी त्यांना ताईचं सांगितलं. मला वाटलं, आपल्याच घरात असं झालं तर कसं वाटतं हे त्यांना कळेल. ते म्हणाले, "तुमची ताई बरोबर बोलते हो. देश म्हटल्यावर दार नको का?" दार हवंच, हे मलाही पटत होतं. पण दारातून कोणाला आत घ्यायचं हे बोलताना माणसं जो आवाज काढतात, तो आवाज मी लहानपणी ऐकलेला होता. टेकडीवर राहायला आलेल्या आमच्यासारख्यांबद्दल खालच्या रस्त्यावरचे लोक तसेच बोलायचे. मी कट्ट्यावर जाणं सोडलं.

त्या उन्हाळ्यात एकदा मुलीला दिवसपाळी होती, त्या दिवशी तिचा फोन रात्री उशिरा आला. ती चालत घरी आली होती. झालं होतं ते असं. पाळी संपवून ती बसनं ताईच्या गावावरून घरी येत होती, आणि हॉटेलसमोर मोर्चा आडवा आल्यामुळे बस थांबली. झेंडे, घोषणा, पोलीस. फुटपाथवर, गर्दीच्या कडेला, शेजारणीबरोबर आत्या उभी होती. शेजारणीच्या हातात पुठ्ठ्याचा फलक होता, त्यांना परत पाठवा असं लिहिलेला. आत्याच्या हातात काही नव्हतं. ती नुसती उभी होती, काळा कोट घालून, पर्स पोटाशी धरून.

"मी सीटवर खाली वाकले," मुलगी म्हणाली. "मला तिनं बघू नये म्हणून."

पुढच्या स्टॉपला ती उतरली आणि लांबच्या रस्त्यानं चालत गेली. वाटेत मोर्च्यातून परतणाऱ्या कोणीतरी तिच्याकडे बघून काहीतरी ओरडलं. काय ओरडलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. त्या रविवारी ती आत्याकडे गेली नाही, त्यानंतरच्याही नाही. पाळी बदलली म्हणून कळवलं.

थोड्याच दिवसांत तिचा वृद्धाश्रम चालवणाऱ्या कंपनीचा बाहेरून माणसं आणायचा परवाना सरकारनं रद्द केला. कंपनीनं कुठेतरी नियम मोडले होते. चूक मालकाची, पण माझ्या मुलीचा व्हिसा त्याच्या परवान्याला बांधलेला. आता दोनेक महिन्यांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. शेकडो माणसं तेच शोधत होती. ताईला कुठून तरी कळलं. तिच्या ओळखीची एक मेट्रन दुसऱ्या वृद्धाश्रमात होती, ताई तिच्याशी बोलायला तयार होती. ताई मुलीला फोन करत राहिली. मुलीनं उचलला नाही. शेवटी ताईनं मला सांगितलं, आणि मी मुलीला.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी कुठल्या तोंडानं तिच्याकडे जाऊ? तिला मी तिथे नको आहे."

"तू नको असं ती कधी म्हणाली?"

"माझ्यासारखे नकोत, असं म्हणाली ना."

मी जोर केला नाही. तो करायला हवा होता की नाही, हे अजून मला ठरवता येत नाही. बायको म्हणाली, येऊ दे तिला घरी, पोरगी वाट बघतेय.

मुलगी परत आली. विमानतळावर नात आजीच्या मागे लपली. फोनवर रोज मम्मी मम्मी करणारी पोर, समोर उभ्या बाईकडे परक्यासारखी बघत होती. मुलगी गुडघ्यावर बसली, हात पुढे केले आणि तशीच थांबली. पोर आली, पण आजीचा पदर हातात धरूनच आली. कित्येक आठवडे ती झोपायला आमच्याच खोलीत यायची. मुलगी नातीची उशी उचलून आणून द्यायची.

थंडीत ताई आली. येते म्हणून कळवलं तेव्हा मुलगी म्हणाली, येऊ दे, तिचंच घर आहे. ताई खूप थकली होती, टेकडीखालच्या आमच्या इमारतीचा जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबली. सगळ्यांसाठी काय काय आणलं होतं, नातीसाठी एक निळा कोट. पहिले दोन दिवस सगळं गोड गोड चाललं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता ताई एकदम म्हणाली,

"त्या दिवशी मी तुला बघितलं होतं. बसमध्ये."

मुलीनं कप खाली ठेवला. "मग हाक का नाही मारलीस?"

"शेजारीण होती बरोबर."

बायको नातीला घेऊन बाल्कनीत गेली. मग ताईनं, मुलीकडे न बघता, सांगितलं. तुझी बस गेल्यावर एक माणूस माझ्यापाशी आला, आमच्याच बाजूचा, झेंडा घेतलेला. मला म्हणाला, म्हातारे, तू कुठल्या बोटीतून आलीस? शेजारीण हसली.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मीही हसले," ताई म्हणाली. "त्या गावातल्या किती माणसांच्या जखमा धुतल्या मी. त्याच्या आईच्यासुद्धा धुतल्या असतील. मला वाटलं होतं, त्यांच्यात उभी राहिले तर मला कोणी विचारणार नाही."

मला वाटलं, आता मुलगी उठून तिच्याजवळ जाईल. ताईलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं कॉटवर थोडी जागा केल्यासारखं केलं. मुलगी उठली. कप गोळा केले, स्वयंपाकघरात नेले आणि धुवायला लागली. नळ बराच वेळ चालू होता.

ताई ठरल्यापेक्षा लवकर परत गेली. तब्येतीचं कारण सांगितलं. तिला सोडायला मीच एकटा गेलो. विमानतळाच्या दारात परदेशी पासपोर्ट दाखवून आत वळताना तिनं माझा हात दाबला, आणि मी तिला गुडघ्याला गरम पट्टी बांधायला सांगितली.

आता मुलगी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आहे. हल्ली जर्मन शिकते. तिकडे नर्स म्हणूनच घेतात, म्हणते, आणि कुटुंबही नेता येतं, आज तरी. मी हो ला हो करतो. नात आता तिच्याजवळ झोपते.

ताईचा फोन रविवारी येतो. मुलगी तेव्हा काहीतरी काम काढून बाहेर जाते. आम्ही गुडघ्याबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो. तिच्या घरी मदतीला येणारी बाई आठवड्यातून काही दिवसच येते, माणसं मिळत नाहीत म्हणे. मी पुन्हा गुडघ्याचं विचारतो. मागच्या रविवारी तिनं विचारलं, मी भांडुपला राहायला आले तर चालेल का रे? मी म्हणालो, विचारतेस काय, ये. ती म्हणाली, तिथे माझ्या ओळखीचं कोण उरलंय.

"मी आहे ना," मी म्हणालो.

तिनं गॅसवर भात आहे असं सांगितलं आणि फोन ठेवला.