नात पाळणाघरात गेली त्याची गोष्ट

लीलावतीबाईंचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पाठीला गरम पाण्याची पिशवी, कपभर चहा, मग सायकल. टिलबर्ग या डच शहराच्या बाहेर मोठमोठी गोदामं आहेत, त्यांतल्या एकात त्या पार्सलं लावायच्या. करोनाचं दुसरं वर्ष. रात्रीची संचारबंदी होती, म्हणून कंपनीची चिठ्ठी खिशात ठेवावी लागे. रस्त्यात कधी कोणी ती मागितली नाही. मागितली असती तर दोन शब्द तरी बोलणं झालं असतं.

नवरा हेमचंद्र इचलकरंजीचा माग-फिटर. यंत्रांच्या कामासाठी इथे आला, बायको-मुलीला घेऊन आला, आणि इथेच गेला. त्यानंतर बाईंनी गोदाम धरलं.

खोकं पोटाशी घ्यायचं, गुडघे वाकवायचे, कंबर नाही. मोठं खोकं दोघींनी उचलायचं. एक गोष्ट त्या स्वतःच्या पाठीवर शिकल्या होत्या: एकीने सगळा भार घेतला की दुसरीचे हात सैल पडतात. ती कामचुकार असते असं नाही. हातच तसे असतात.

मुलगी निशिगंधा नवरा प्रतीकबरोबर द हेगला. नात ईशानी पावणेदोन वर्षांची. पहिल्या लसीनंतर पोरीला ताप चढला, झटका आला. तेव्हापासून निशिगंधाने पुढची एकही लस दिली नव्हती. इथे सरकारची सक्ती नाही, आईबापांची मर्जी. बाईंनी गोवराचा विषय काढला की ती म्हणायची, "दिलीपमामाचं पुन्हा सुरू करू नकोस." दिलीप बाईंचा धाकटा भाऊ. गोवराने त्याचे कान गेले. मागून सायकलची घंटी वाजली तरी तो वळायचा नाही.

नातीला बाई वर्षभर फोनवरच बघत होत्या. घरी एकच पाहुणा चाले, आणि "तुझ्या वयाला ट्रेन नको" असं मुलगीच म्हणे.

एका रविवारी निशिगंधा म्हणाली, "आई, नोकरी सोड आणि इकडे ये. कायमची. खोली रिकामी केलीय."

याच वाक्याची बाईंनी किती वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी खाटेखालच्या बॅगेकडे बघितलंसुद्धा.

"दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी असतात गं. प्रतीक म्हणतो, एकाने नोकरी सोडावी लागेल."

"आणि तुम्ही बघितलेलं ते पाळणाघर?"

"त्यांनी स्वतःचा नियम काढलाय. सगळ्या लसी झाल्याशिवाय घेत नाहीत. तू आलीस की प्रश्नच मिटला."

तिथे जाऊन हळूहळू समजावता येईल, असं बाईंच्या मनात आलं. पण एकदा पोर कडेवर घेतलं की मुलीचे हात सैल पडणार, हेही त्यांना कळत होतं. मग ती लस कशाला देईल?

"मी येत नाही, निशू."

"म्हणजे?"

"लस दे. पाळणाघरात घाल."

"वा! लोकांची खोकी उचलायला तुला जमतं. नात उचलायला नाही जमत?"

निशिगंधाने फोन कट केला.

पुढचे कितीतरी रविवार फोन आला नाही. बाई संध्याकाळी फोन समोर ठेवून वरणभात जेवायच्या, भांडं घासायच्या, झोपायच्या. कामावर जोडीदारणीने विचारलं, नात कशी आहे? "मोठी झाली असेल," बाई म्हणाल्या.

मे महिन्यात फोटो आला. गुबगुबीत मांडी, तिच्यावर चिकटपट्टी. शब्द एकही नाही. दुसऱ्या दिवशी दोनच शब्द: "ताप नाही." बाई गोदामाच्या पायरीवर बसल्या आणि घंटा होईपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या लसी झाल्यावर पाळणाघराने ईशानीला घेतलं. फी दोघांना जड जात होती. बाईंनी स्वतः फोन लावला.

"फी मी भरणार."

"आई, तुझी पाठ..."

"पाठीचं मी बघते."

मग निशिगंधा म्हणाली, "पहिल्या दिवशी खूप रडली. मग जेवली."

"काय जेवली?"

"ब्रेड. आणि काकडी."

ये, असं ती यावेळी म्हणाली नाही. बाईंनीही विचारलं नाही.

आता दुपारी पाळणाघराचा फोटो निशिगंधा पुढे पाठवते. ईशानी सांभाळणाऱ्या कुणा सोनेरी केसांच्या मुलीच्या मांडीवर बसून पुस्तक बघत असते. लीलावतीबाई फोटो मोठा करून पोरीचे कान बघतात, आणि मग उरलेली पार्सलं लावायला जातात. त्यांचा पगार त्या मांडीसाठी जातो.