सगळ्याच सुपरवायझर

धुलाईच्या त्या कारखान्यात तिच्या तोंडामुळे तिला सगळे तोफ म्हणत, आणि मालकाचाही त्याला आक्षेप नव्हता. हॉटेलांच्या चादरी ने-आण करायला माझी गाडी तिथे लागायची. मी कंत्राटावरचा, म्हणून युनियनच्या मतदानात मला मत नव्हतं. घोर मात्र मलाही लागला होता.

तोफेच्या धाकट्या जावेची बोटं वाफेच्या प्रेसखाली भाजली आणि दुसऱ्याच दिवशी तिला फडकं गुंडाळून कामावर यावं लागलं. तिथून तोफेनं युनियनचा ध्यास घेतला. ती एकेकीच्या घरी गेली. कुणाची सासू आडवी आली, तर तिच्यापुढे मांडी ठोकून बसली. कुणाचा नवरा गुरगुरला, तर त्याच्यावर दुप्पट गुरगुरली. जाऊ महाभित्री, पण शेवटी तीही तयार झाली. आता फक्त युनियन हवी की नको, याचं मतदान उरलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं बायांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि छातीवर निळा बिल्ला लावून बाहेर पाठवलं. सुपरवायझर. पगार तोच, काम तेच, तरी बाया हरखल्या. कुणी फोटो काढून माहेरी पाठवले. मीही बावळटासारखा अभिनंदन करत सुटलो.

सकाळी मतपेटी घेऊन आलेल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यानं ती टेबलावर ठेवलीच नाही.

"सुपरवायझर म्हणजे मॅनेजमेंट. त्यांना मत नसतं. इथं कामगार कोण आहे?"

"मी बिल्ला काढून ठेवते ना," एक जण म्हणाली.

"प्रश्न बिल्ल्याचा नाही बाई, पदाचा आहे."

कामगार म्हणून एकटी तोफ उरली होती. तिला केबिनमध्ये बोलावलंच नव्हतं. एकटीची युनियन होत नाही, असं सांगून अधिकारी पेटीसकट निघून गेला.

ना शिवी, ना धमकी, ना कुणाला कामावरून काढलं. इतका सभ्य दरोडा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

दारात उभा असलेला मॅनेजर जावेला म्हणाला, "मॅडम, कामं करून घ्यायला शिका आता."

जाऊ जमिनीकडे पाहत पुटपुटली, "ताई, तेवढा प्रेस सुरू करता का?"

तोफ तिच्याजवळ गेली. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तिनं जावेचा तिरका लागलेला बिल्ला नीट सरळ केला, "हो, मॅडम" म्हणाली आणि प्रेसकडे गेली.